रंगप्रश्न : विरह गायचा, नाचायचा की बोलायचा?

नाटक, नृत्य आणि ऑपेरा एकत्र गुंफून प्रेमभंगाची कथा सांगणारे प्रयोग मुंबईत अधूनमधून होऊ लागल्यापासून या सदराकडे त्याविषयीची पत्रे वाढली आहेत. या अंकात त्यांतीलच काही पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर दक्षिण मुंबईत असा एक प्रयोग पाहिला. एका स्त्रीला तिचा प्रियकर सोडून जातो, एवढीच कथा. परंतु त्या स्त्रीची भूमिका दोघीजणी करीत होत्या. एक इटालियनमध्ये गात होती, दुसरी तिच्याभोवती नाचत होती आणि मधूनच एक नट येऊन इंग्रजीत निवेदन करीत होता. गाणारीकडे पाहावे तर नाच निसटतो, नाचणारीकडे पाहावे तर रंगमंचाच्या माथ्यावरच्या पट्टीवर उमटणारे भाषांतर निसटते. याला नाटक म्हणावे, नृत्य म्हणावे की ऑपेरा? आणि पाहायचे तरी कोणाकडे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अशा प्रयोगात सगळे पाहण्याचा आणि सगळे वाचण्याचा हट्ट सोडून द्यावा. ऑपेरातील मोठ्या गीतांत शब्द थोडे असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पट्टीवरची ओळ एकदा वाचली की पुढची काही मिनिटे मान वर करण्याचे कारण उरत नाही. रंगमंचाच्या माथ्यावर भाषांतर दाखवण्याची सोय अलीकडची आहे. टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ती १९८३ साली सुरू केली. त्याआधी परक्या भाषेतील ऑपेराला जाणारे प्रेक्षक कथासार वाचून येत आणि बाकीचे कानांवर सोपवत, आणि त्यांचे फारसे काही अडले नाही.

एका पात्राला दोन देह देण्याची कल्पना समजून घ्यायची असेल, तर जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश यांनी १९७५ साली वुपरटाल येथे केलेला ऑर्फियसचा प्रयोग पाहावा लागतो. संगीतकार ग्लुक यांचा मूळ ऑपेरा १७६२ साली व्हिएन्नात रंगमंचावर आला. मृत पत्नीला परत आणण्यासाठी ऑर्फियस पाताळात जातो. वाटेत वळून तिच्याकडे पाहायचे नाही, अशी त्याला अट असते. तो पाहतो आणि ती त्याला दुसऱ्यांदा अंतरते. बाउश यांनी या कथेतील प्रत्येक प्रमुख पात्र एक गायक आणि एक नर्तक यांच्यात वाटून दिले आणि दोघांनाही एकाच रंगमंचावर आणले. मूळ ऑपेरात शेवटी प्रेमदेवता प्रसन्न होते आणि पत्नी पुन्हा जिवंत होते; बाउश यांनी तो गोड शेवट सरळ काढून टाकला. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ‘तिच्यावाचून मी आता काय करू’ हे या ऑपेरातील सर्वांत गाजलेले गीत सुरू होते, तेव्हा नाचणारा ऑर्फियस जवळजवळ नाचतच नाही. तो प्रेक्षकांकडे पाठ करून बसून राहतो आणि सगळा शोक गायकाच्या गळ्यावर सोपवतो. गळा जे सांगतो आहे तेच देहाने पुन्हा सांगायचे नाही, ही शिस्त मला या संपूर्ण प्रकाराचा कणा वाटते. गाणारी ‘माझे हृदय फुटले’ म्हणत असताना नाचणारीने छातीवर हात मारून घेतला, तर दोघींपैकी एक जादा आहे, असे खुशाल समजावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही बाउश यांचेच आहे. १९७८ च्या ‘कॅफे म्युलर’ मध्ये रंगमंचभर खुर्च्या आणि टेबले दाटीने मांडलेली असतात. स्त्रिया डोळे मिटून त्यांतून चालतात, आणि एक माणूस धावत पुढे होऊन त्यांच्या वाटेतल्या खुर्च्या बाजूला सारत राहतो. सतराव्या शतकातील हेन्री पर्सेलची शोकगीते अधूनमधून ऐकू येतात. एका प्रसंगात एक पुरुष आणि एक स्त्री एकमेकांना घट्ट मिठी मारून उभी असतात. तिसरा माणूस येऊन त्यांचे हात सोडवतो, त्यांची तोंडे जुळवतो आणि तिला उचलून त्या पुरुषाच्या हातांवर ठेवतो. तो पुरुष तिला धरून ठेवू शकत नाही; ती खाली पडते, उठते आणि पुन्हा त्याला मिठी मारते. तिसरा माणूस पुन्हा येतो. हे इतक्या वेळा आणि इतक्या वाढत्या वेगाने होते की शेवटी त्या तिसऱ्याची गरजच उरत नाही, ती दोघे आपणहून त्याच चक्रात फिरत राहतात. तुटलेल्या नात्याचे एवढे नेमके वर्णन संवादांतून करायचे म्हटले तर दोन अंक लागले असते.

आता नावाचा प्रश्न. नाटक, नृत्य की ऑपेरा, हे जाहिरातीसाठी ठरवावे लागते. प्रेक्षकाने त्यात अडकू नये. आपल्यापुरती एक कसोटी लावून पाहावी. मनातल्या मनात प्रयोगातला नाच काढून टाकावा आणि मग गोष्ट अडते का ते पाहावे. तसेच गाण्याचे करावे, तसेच बोलण्याचे. आपण लिहिले आहे त्यावरून त्या प्रयोगात निवेदक नटाला काढले असते, तर बहुधा कोणाचेच काही बिघडले नसते.

प्रश्न : आमच्या पिढीने दामोदर हॉलमध्ये आणि शिवाजी मंदिरात संगीत नाटके पाहिली. संवाद, गाणे आणि अभिनय यांचा मिलाफ आपल्याकडे १८८० पासून आहे. मग परदेशी ऑपेराचे आणि त्याच्या या नव्या अवतारांचे एवढे कौतुक कशासाठी? विरहाची पदे आपल्याकडे काय कमी आहेत?
— एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : पदे कमी नाहीत, हे मान्यच आहे. एक गंमत मात्र सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तेव्हा त्यात पहिले चारच अंक होते. दुष्यंत शकुंतलेला भर दरबारात ओळखत नाही आणि परत पाठवतो, तो प्रसंग कालिदासाने पाचव्या अंकात ठेवला आहे. म्हणजे मराठी संगीत नाटकाचा आरंभ प्रेम जुळण्यापासून सासरी पाठवणी होईपर्यंतच झाला. प्रेमभंगासाठी प्रेक्षकांना पुढच्या अंकांची वाट पाहावी लागली. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ त पराशराने सोडून दिलेल्या सत्यवतीला वसंत कानेटकरांनी शब्द दिले आणि जितेंद्र अभिषेकींनी स्वर दिले. त्यामुळे परंपरेची उणीव आपल्याला खचितच नाही.

तरीही संगीत नाटक आणि ऑपेरा यांची जात वेगळी आहे. ऑपेरात बहुतेक वेळा साधे बोलणेही स्वरांत बांधलेले असते आणि कोणता स्वर किती काळ टिकवायचा, हे संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेले असते. आपल्याकडे गद्य गद्याच्या जागी राहते आणि पद आले की कथा थांबते. मग ते पद किती फुलवायचे, हे गाणारा नट, त्याचा त्या दिवशीचा गळा, ऑर्गनवाला, तबलजी आणि समोरचे प्रेक्षक मिळून ठरवतात. बालगंधर्वांच्या काळी वन्समोअर घेत घेत नाटक पहाटेपर्यंत चाले, ते यामुळेच. दुःखाला किती वेळ द्यायचा, हा निर्णय आपल्याकडे नटाचा असतो, ऑपेरात तो संगीतकाराचा असतो. मला स्वतःला आपली पद्धत अधिक माणसाळलेली वाटते. पण नृत्यदिग्दर्शकाला ती अडचणीची होते, कारण आज तान किती लांबणार हे ठाऊक नसताना आठजणांचे पाऊल एकत्र कसे टाकायचे?

आणि नाच ही संगीत नाटकाने दूर ठेवलेली गोष्ट आहे, हेही मोकळेपणाने मान्य करावे. प्रतिष्ठित प्रेक्षकांसाठी उभ्या राहिलेल्या या रंगभूमीने गाणे आपलेसे केले आणि पायांतले चाळ तमाशाकडेच राहू दिले. ते चाळ मुख्य रंगभूमीवर जोरकसपणे वाजले ते १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ मध्ये. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये आणि डोलणाऱ्या ब्राह्मणांची ती जिवंत भिंत यांत कोणते अंग कोणाचे, हे वेगळे काढता येत नाही. पुढे १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी जर्मन नाटककार ब्रेश्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या १९२८ मधील ‘थ्री पेनी ऑपेरा’ वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला, तेव्हा तर ऑपेरा थेट तमाशाच्या दारातून मराठीत शिरला. मात्र ही दोन्ही नाटके उपरोधाची आहेत. नाटक, नाच आणि गाणे यांचा असा एकजीव मेळ विरहासाठी आपण क्वचितच वापरला.

विरहासाठी तो मेळ पाहायचा असेल तर बैठकीच्या लावणीकडे जावे. स्त्री बसलेली असते. ‘अजून आला नाही’ अशा आशयाची एकच ओळ ती पुन्हा पुन्हा गाते. एकदा रुसव्याने, एकदा काळजीने, एकदा त्याची थट्टा करीत, एकदा स्वतःचीच. शब्द तेच, चालही तीच, आणि अर्थ मात्र भुवई, मनगट आणि पदराचे टोक बदलत राहतात. आपल्या पत्राला माझे खरे उत्तर हे आहे, की नव्या मिश्र प्रयोगांना ‘हे तर आमच्याकडे होतेच’ असे म्हणताना आपण संगीत नाटकाचा दाखला देतो, पण तो द्यायला हवा बैठकीच्या लावणीचा.

प्रश्न : मी कथक शिकते. आमच्या गटाला एका पाश्चात्त्य गायिकेबरोबर पर्सेलच्या ‘डायडो अँड इनियस’ या ऑपेरातील शेवटच्या शोकगीतावर नृत्य बसवायचे आहे. मी विरहोत्कंठिता नायिकेच्या भावाने सुरुवात केली, पण काहीतरी जुळत नाही. चूक कुठे होत असावी?
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : चूक नायिकेच्या निवडीत आहे. भरताने नाट्यशास्त्रात विप्रलंभ शृंगार आणि करुण यांच्यात रेषा ओढली आहे. विप्रलंभात भेटीची अपेक्षा जिवंत असते, म्हणून त्यात औत्सुक्य आणि चिंता येतात. करुणात अपेक्षाच संपलेली असते. विरहोत्कंठिता दाराकडे पाहते, चाहूल घेते, कारण तो येईल असे तिला वाटते. डायडोची ती अवस्था नाही. कार्थेजची ही राणी इनियसने सोडून जायचे ठरवल्याचे ऐकते. मग तो विचार बदलून थांबायला तयार होतो, तरी ती त्याला थांबू देत नाही. मला सोडून जाण्याचा विचार तुझ्या मनात एकदा आला, तेवढे पुरे आहे, अशा आशयाचे ती त्याला सुनावते. इथपर्यंत ती खंडितेच्या, म्हणजे प्रियकराच्या प्रतारणेने संतापलेल्या नायिकेच्या, जवळची आहे आणि त्या प्रसंगात आपल्याला आपले शिक्षण मनसोक्त वापरता येईल. त्याच्या पाठोपाठ येणारे शोकगीत ही मरणाची तयारी आहे. तिथे अष्टनायिकांपैकी, म्हणजे शास्त्रातील आठ प्रकारच्या नायिकांपैकी, कोणीच लागू पडत नाही. वाट पाहणारी नजर तेवढी काढून टाकली, तरी अर्धे काम होईल.

उरलेले अर्धे संगीतात आहे आणि ते कथकच्या विद्यार्थिनीला इतरांपेक्षा लवकर कळेल. या गीताखाली खर्जातील वाद्यांवर पाच मापांची (तालाच्या पाच खंडांची) एक स्वरावली अखंड फिरत राहते. ती षड्जापासून अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत पंचमापर्यंत जाते आणि पुन्हा षड्जावर येते. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर चाललेला लेहरा, म्हणजे नाचाखाली फिरत राहणारी सुरावट, आठवावा. काम तेच आहे. फरक असा, की कथकमध्ये आपण लेहऱ्याच्या समेवर येऊन थांबतो, तर इथे गायिकेच्या ओळी त्या आवर्तनाच्या सांध्यावर मुद्दाम थांबत नाहीत. खालचे आवर्तन संपून नवे सुरू होते, तेव्हा तिची ओळ अनेकदा अधांतरीच असते. त्यामुळे पायांनी सम दाखवण्याचा मोह अजिबात धरू नये. ‘माझी आठवण ठेव’ हे शब्द ती प्रथम एकाच स्वरावर म्हणते, पुढे तोच उद्गार वरच्या षड्जापर्यंत चढतो. एका स्वरावरच्या त्या शब्दांना प्रत्येक वेळी नवी मुद्रा देत बसलात, तर स्वराचा तो निश्चय वाया जाईल.

धीर यावा म्हणून इतकेच सांगतो, की या ऑपेराचा नृत्याशी जन्मापासून संबंध आहे. १६८९ साली चेल्सी येथील मुलींच्या शाळेत तो झाला आणि ती शाळा चालवणारे जोसायस प्रीस्ट हे नृत्यशिक्षक होते. तीनशे वर्षांनी, १९८९ साली, ब्रसेल्समध्ये अमेरिकन नर्तक मार्क मॉरिस यांनी तो पूर्णपणे नाचवला आणि डायडोची भूमिका स्वतः केली. बालगंधर्व पाहिलेल्या महाराष्ट्राने त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : ऑपेराचे गायक ध्वनिक्षेपक का वापरत नाहीत? एवढ्या वाद्यवृंदावर एकटा आवाज पोहोचतो कसा?
— एक वाचक, चर्नी रोड

उत्तर : तो जोराने पोहोचतो असे आपल्याला वाटते, खरे म्हणजे तो वेगळ्या वाटेने पोहोचतो. वाद्यवृंदाचा सर्वाधिक जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या वर तो उतरत जातो. तयारीचा ऑपेरा गायक घशाचा आणि स्वरयंत्रावरील पोकळीचा आकार असा ठेवतो, की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार होतो. तिथे वाद्ये क्षीण असतात आणि आपला कान तीक्ष्ण असतो. चढ्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांचे तंत्र यापेक्षा थोडे निराळे असते, त्यांचा मूळ स्वरच उंच असतो. नाट्यगृहाची रचनाही अर्थातच साथ देते. आपल्या शेजारचे रॉयल ऑपेरा हाऊस ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या काळातले आहे. १९११ साली उद्घाटन झालेली ही वास्तू पुढे चित्रपटगृह झाली, १९९३ मध्ये बंद पडली आणि २०१६ मध्ये जीर्णोद्धारानंतर मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो (उंच स्वराच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गायनाने पुन्हा उघडली. मिश्र प्रयोगांत मात्र नटांना ध्वनिक्षेपक आणि गायिकेला नाही, असे झाले की कान गोंधळतात. एकतर सगळ्यांना द्यावा किंवा कोणालाच देऊ नये.

प्रश्न : असे प्रयोग पाहताना टाळ्या नेमक्या केव्हा वाजवाव्यात? आणि वन्समोअर देता येतो का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : ऑपेरात गाजलेल्या गीतानंतर टाळ्या चालतात. नृत्य मिसळलेले असेल तर थोडे थांबावे, कारण गाणे संपले तरी देहाचे वाक्य चालू असू शकते. वन्समोअरच्या बाबतीत मिलानचे ला स्काला हे ऑपेरागृह आपल्या गडकरी रंगायतनापेक्षा फारच कडक आहे. २००७ साली गायक हुआन दिएगो फ्लोरेस यांनी तिथे एक गीत पुन्हा गायले, तेव्हा १९३३ नंतर प्रथमच असे घडले म्हणून त्याची बातमी झाली.

प्रश्न : आम्ही सहाजण मिळून प्रेमभंगावर असाच एक छोटा प्रयोग करू इच्छितो. एक गायिका, दोन नर्तक, दोन नट आणि एक हार्मोनियमवादक एवढेच बळ आहे. पैसे जेमतेम आहेत. कुठून सुरुवात करावी?
— एक नाट्यकर्मी, परळ

उत्तर : ‘ला व्ह्वा ह्यूमेन’ या फ्रेंच ऑपेराचा अभ्यास करून सुरुवात करावी. लेखक कोक्तो यांची एकपात्री नाटिका १९३० ची आणि तिच्यावरून संगीतकार पूलांक यांनी केलेला ऑपेरा १९५९ चा. अवघ्या चाळीसेक मिनिटांत एक स्त्री टेलिफोनवर आपल्या प्रियकराशी शेवटचे बोलते. तो दुसरीशी लग्न करणार असतो. त्याचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. लाइन पुन्हा पुन्हा तुटते. घंटी झायलोफोनवर वाजते. ‘मी अगदी ठीक आहे’ असे ती सांगते, आणि बऱ्याच वेळाने कबूल करते की आदल्या रात्री तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. आजच्या प्रेमिकांचे नंबर ब्लॉक होतात, त्यामुळे तुटणाऱ्या लाइनची ही सोय आपल्याला मिळणार नाही. पण खोटे बोलणे आणि खरे गाणे यांतले अंतर अजूनही तेवढेच उपयोगी आहे.

सहाजणांत कामाची वाटणी त्याच अंतरावरून करावी. बोलणाऱ्याने लपवावे, गाणारीने उघड करावे आणि नर्तकांकडे सवयी द्याव्यात : चहाचे दोन कप काढून एक परत ठेवणे, लोकलमध्ये चौथ्या सीटवर सरकून बसणे, झोपेत कुशीला हात टाकणे. शोकाच्या मोठ्या मुद्रा टाळाव्यात. या सवयी पहिल्यांदा येतील तेव्हा प्रेक्षक कदाचित हसतीलही. त्यांना हसू द्यावे. तिसऱ्यांदा येतील तेव्हा हसणे आपोआप थांबेल. संहिता पंचेचाळीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये.

तालमीचे म्हणाल तर हार्मोनियमवादकाला रंगीत तालमीपुरते बोलावण्याची आपल्याकडची सवय इथे चालणार नाही, तो पहिल्या दिवसापासून हवा. गायिकेला धावायला लावू नये आणि नर्तकांना धापा टाकत असताना संवाद देऊ नयेत. धाप हवीच असेल तर ती लिहून घ्यावी. ध्वनिमुद्रित संगीत स्वस्त पडेल, पण मग गायिकेला एखादी जागा लांबवता येणार नाही, म्हणून जे काही वाजेल ते प्रत्यक्षच वाजवावे. आणि हॉलचे भाडे ठरवण्यापूर्वी नर्तकांना अनवाणी तिथे घेऊन जावे. काही छोट्या सभागृहांत रंगमंचाची लाकडी फळी थेट सिमेंटवर बसवलेली असते. तिथे रोज उड्या घेतल्या तर गुडघे आणि घोटे प्रयोगाआधीच बोलू लागतात. तसा हॉल निघाला तर भाड्याची घासाघीस न करता दुसरा पाहावा, नाहीतर उड्या काढून नाच बसून करण्याजोगा बांधावा.